कोरी जागा उरत नाही

२८ जून १९७५ रोजी ‘इंडियन एक्स्प्रेस’ने आपल्या अग्रलेखाची जागा कोरी सोडली. आणीबाणी पुकारून जेमतेम तीन दिवस झाले होते आणि वृत्तपत्रांवर पूर्वतपासणी लादली गेली होती. त्या अंकात छापलेल्या मजकुरापैकी आज कोणाला काही आठवत असेल असे वाटत नाही. आठवते ती न छापलेली जागा. सेन्सॉरची कात्री फिरली तिथे भोक पडले आणि त्या भोकातून वाचकाला सत्तेचा चेहरा दिसला. काही बोलायचे होते आणि बोलू दिले नाही, एवढे त्या पांढऱ्या चौकोनाने अग्रलेखापेक्षाही स्पष्ट सांगितले.

मजकूर कापला की कोरी जागा उरते, हे आपण तेव्हापासून गृहीत धरून चाललो आहोत. समाजमाध्यमांनी ते खोटे ठरवले. फेसबुकवरून, एक्सवरून (म्हणजे पूर्वीच्या ट्विटरवरून) किंवा यूट्यूबवरून काही काढले की खालचा मजकूर वर सरकतो आणि भिंत पूर्वीइतकीच भरलेली दिसते. ज्याचे काढले त्याला कळते, कधी कधी त्यालाही कळत नाही. वाचकाला तर काही गेले आहे याचा पत्ताच लागत नाही.

सरकारची सेन्सॉरशिप अधिक घातक की या कंपन्यांची, असा वाद गेली काही वर्षे चालू आहे. एक पक्ष म्हणतो, सेन्सॉरशिप हा शब्द फक्त सरकारला लागू. दुकानदाराने आपल्या दुकानात काय ठेवावे हा त्याचा प्रश्न. दुसरा पक्ष म्हणतो, आज खरे राजे हेच, सरकारे त्यांच्यापुढे फिकी. मला हे दोन्ही पक्ष आळशी वाटतात. दोन सत्तांची जात निराळी, हत्यारे निराळी आणि त्यांच्यापासून होणाऱ्या इजाही निराळ्या. त्या नीट वेगळ्या करून पाहिल्या तरच त्या एकत्र येतात तेव्हा काय होते हे समजेल. आणि त्या एकत्र येऊ लागल्या आहेत.

कात्री धरणारा हात

आपला हा वाचकवर्ग जुन्या काळी तीन-चार राज्यांत विखुरलेला होता, त्यामुळे सरकारी सेन्सॉरचे जितके नमुने आपल्या घरांतून सांगितले जातात तितके पुण्या-मुंबईच्या घरांतही नसतील. निजामाच्या राज्यात ‘गश्ती निशान ५३’ होते: सभा घ्यायची तर आधी सरकारची परवानगी घ्या. त्या एका फतव्याने हैदराबाद संस्थानातील मराठी, तेलुगु आणि कानडी माणसाला सारखेच मुके केले. गोव्यात सालाझारच्या राजवटीत छापखान्यातून बाहेर पडणारा कागद आधी सेन्सॉरच्या टेबलावर जाई; लग्नपत्रिकासुद्धा त्यातून सुटत नसे. इंग्रजी मुलखात १९१० च्या प्रेस ॲक्टाने छापखान्याकडून जामीनरक्कम मागायची आणि मजकूर न आवडल्यास ती जप्त करायची, अशी सोय केली होती. त्याआधी १९०८ मध्ये ‘केसरी’तील लेखांसाठी टिळकांना सहा वर्षांची शिक्षा होऊन ते मंडालेला गेले होते.

यात ‘कीचकवधा’ची गोष्ट समीक्षकाच्या दृष्टीने फार बोलकी आहे. खाडिलकरांचे हे नाटक १९०७ मध्ये रंगभूमीवर आले. वरवर पाहता महाभारतातील एक आख्यान. पण प्रेक्षकाने कीचकात लॉर्ड कर्झन पाहिला, द्रौपदीत परवश देश पाहिला, आणि काही काळाने सरकारनेही तेच पाहिले. १९१० मध्ये नाटकावर बंदी आली. बंदी घालण्याआधी त्या सरकारला नाटक वाचावे लागले, विराटपर्व समजून घ्यावे लागले, रूपकाचा उलगडा करावा लागला. म्हणजे सेन्सॉर हा वाईट वाचक असतो, वैरी वाचक असतो, तरी तो वाचक असतो. हा मुद्दा लक्षात ठेवावा. पुढे त्याचे काम पडणार आहे.

दुसरे असे की, सरकारी बंदीला अंगठा असतो. कोणीतरी सही करतो, तारीख घालतो, कलम लिहितो. सही असली की तिच्याविरुद्ध दाद मागता येते, निदान राज्यघटना आल्यापासून तरी. १९७२ मध्ये तेंडुलकरांच्या ‘सखाराम बाइंडर’चे तेरा प्रयोग झाल्यावर परिनिरीक्षण मंडळाने नाटक अडवले. कमलाकर सारंग उच्च न्यायालयात गेले आणि मंडळ हरले. त्या लढ्याचा खर्च, मनस्ताप आणि झुंडीचा त्रास ‘बाइंडरचे दिवस’ या त्यांच्या पुस्तकात आहे. पण भांडायला समोर कोणीतरी होते. मंडळाला नाव होते, कार्यालय होते, नियम होते, आणि त्या नियमांच्या वर घटनेचे १९ वे कलम होते.

आपल्या भागातले उदाहरण घ्यायचे तर जुलै २०१४ मध्ये येळ्ळूरच्या वेशीवरचा ‘महाराष्ट्र राज्य येळ्ळूर’ हा फलक न्यायालयाच्या आदेशानंतर प्रशासनाने काढला. त्यातला न्याय-अन्याय हा या लेखाचा विषय नाही. विषय एवढाच की फलक काढला गेला तो दिवसाढवळ्या, पोलीस बंदोबस्तात आणि छायाचित्रकारांसमोर. फलक गेला हे गावाला कळले, दोन्ही राज्यांना कळले, आणि त्यावर जे बोलायचे ते लोक बोलले.

हे सगळे लिहिताना सरकारी सेन्सॉरचे गोडवे गाण्याचा हेतू मुळीच नाही. त्या सेन्सॉरच्या हातात एक गोष्ट अशी आहे जी कोणत्याही कंपनीच्या हातात नाही: तुरुंगाची किल्ली. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदबद्दल पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर चार ओळी लिहिल्या, दुसरीने त्या पसंत केल्या, आणि दोघींना अटक झाली. फेसबुकने त्यांना बोलू दिले होते. हातकड्या आणल्या त्या राज्याने. ज्या ६६-अ कलमाचा दरारा तेव्हा देशभर होता ते सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल खटल्यात रद्द केले. तेव्हा ‘कंपन्या सरकारपेक्षा वाईट’ असे सरसकट म्हणणाऱ्याने पालघर विसरू नये. ट्विटरने खाते बंद केले म्हणून कोणाची रात्र कोठडीत गेलेली नाही.

‘साभार परत’

खासगी माणसाच्या हाती बोलण्याचा दरवाजा असणे हे आपल्याला नवीन नाही. मराठी वाङ्मयाचा अर्धा इतिहास ‘साभार परत’ या दोन शब्दांत मावतो. सरकारने न अडवलेले किती लेखन संपादकांनी अडवले याची मोजदाद कोणी केली नाही, आणि ती करणे शक्यही नाही. मुंबई-पुण्याच्या मासिकांना बेळगाव-निपाणीकडची भाषा ‘अशुद्ध’ वाटे, गोव्याकडची ‘कोकणी वळणाची’ वाटे, हैदराबाद-इंदूरकडची ‘उर्दू-हिंदी मिश्रित’ वाटे. सीमाभागातले आणि बृहन्महाराष्ट्रातले दिवाळी अंक निघाले त्याचे एक कारण तेच आहे.

याचा सर्वांत गाजलेला प्रसंग १९६९ चा. राजा ढाले आणि लघुनियतकालिकांच्या चळवळीतील त्यांच्या मित्रांनी ‘सत्यकथे’चा अंक जाळला. ‘सत्यकथा’ हे काही सरकार नव्हते, एका खासगी संस्थेचे मासिक होते. तरीही मराठीत साहित्य कशाला म्हणायचे हे तिथे ठरते, अशी तरुणांची भावना होती, आणि ती भावना सत्ता ओळखणारी होती. खासगी असली म्हणून सत्ता ही सत्ता नसते असे नाही, हे आपल्या तरुण लेखकांना पन्नासहून अधिक वर्षांपूर्वी समजले होते.

पण त्या प्रसंगातच आजच्यापेक्षा निराळे काय होते तेही दिसते. जाळायला अंक होता. जाब विचारायला गिरगावात खटाववाडी होती आणि तिथे नावाचे संपादक बसत होते. त्यांची अभिरुची सर्वांना ठाऊक होती, म्हणून तिच्याशी भांडता येत होते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, त्या दरवाजाला वळसा घालून जायला वाट होती. सायक्लोस्टाइल यंत्र होते. चार मित्र, एक रीम कागद आणि थोडी उधारी यांच्या जोरावर नवे नियतकालिक निघत होते, आणि टपालखाते ‘सत्यकथे’चा अंक जितक्या तत्परतेने पोचवी तितक्याच तत्परतेने तेही पोचवी. दरवाजा एकाचा असला तरी रस्ता सर्वांचा होता.

आता दरवाजा आणि रस्ता एकाच मालकाचा झाला आहे.

न वाचणारा सेन्सॉर

समाजमाध्यमांची सत्ता तीन प्रकारे चालते. पहिला प्रकार काढून टाकण्याचा, दुसरा न दाखवण्याचा, तिसरा चढवून दाखवण्याचा. चर्चा नेहमी पहिल्याचीच होते, कारण तो निदान कळतो.

सप्टेंबर २०१६ मधली गोष्ट. १९७२ च्या व्हिएतनाम युद्धातील, नेपाम बॉम्बपासून पळणाऱ्या उघड्या मुलीचे ते जगप्रसिद्ध छायाचित्र एका नॉर्वेजियन लेखकाने फेसबुकवर टाकले. नग्नता म्हणून ते काढले गेले. ‘आफ्टेनपोस्टेन’ या दैनिकाच्या संपादकांनी पहिल्या पानावर कंपनीच्या मालकाला जाहीर पत्र लिहिले. नॉर्वेच्या पंतप्रधानांनी छायाचित्र स्वतः टाकले, तर तेही काढले गेले. शेवटी जगभर गवगवा झाल्यावर कंपनीने माघार घेतली. एका देशाच्या पंतप्रधानांना जे करावे लागले ते खानापूरच्या किंवा डिचोलीच्या एखाद्या शिक्षकाला कसे जमावे?

दुसरे उदाहरण आपल्या देशातले. ऑक्टोबर २०१९ मध्ये ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचे ट्विटर खाते बंद झाले. कारण काय, तर त्यांनी लावलेले एक जुने छायाचित्र. जर्मनीतील गोदीत शेकडो कामगार नाझी सलाम ठोकत आहेत आणि त्यांच्यात एकटा ऑगस्ट लँडमेसर हाताची घडी घालून उभा आहे, असे ते चित्र. यंत्राला हातांची रांग दिसली, घडी दिसली नाही; ‘द्वेषमूलक चित्र’ म्हणून शिक्का बसला. ते प्रकरण मिटते न मिटते तोच गोरख पांडे यांच्या ‘उसको फाँसी दे दो’ या हिंदी कवितेच्या जुन्या फेरप्रसारणावरून खाते पुन्हा बंद. दोन शेतकरी क्रांतिकारकांच्या फाशीविरुद्धची ती कविता. तिचे नाव उपरोधाचे आहे हे शाळकरी मुलालाही कळेल. पण यंत्राला नावातली फाशी तेवढी कळली.

इथे ‘कीचकवध’ आठवावा. इंग्रजांच्या सेन्सॉरने रूपक ओळखून नाटक बंद केले. या नव्या सेन्सॉरने उपरोध न ओळखता कविता बंद केली. पहिल्यात दुष्टावा होता, पण वाचन होते. दुसऱ्यात दुष्टावा नाही आणि वाचनही नाही. लेखकाला यातला दुसरा अपमान अधिक लागावा असे मला वाटते.

मराठीच्या बाबतीत ही गोष्ट अधिकच बिकट होते. आपल्याकडे आई लाडाने मुलाला ‘मुडद्या’ म्हणते, मैत्रीण मैत्रिणीला ‘मेले’ म्हणते. शब्दशः घेतले तर दोन्ही शापच. सीमाभागातल्या बोलण्यात तर एका वाक्यात मराठी क्रियापद, कानडी नाम आणि उर्दू शिवी सुखाने नांदतात. उलट, अत्यंत शुद्ध, संस्कृतप्रचुर, एकही अपशब्द नसलेल्या मराठीत एखाद्या समाजाविरुद्ध विष पेरता येते आणि यंत्राला त्याचा वासही येत नाही. २०२१ मध्ये फ्रान्सिस हॉगेन या माजी कर्मचारी महिलेने फेसबुकची अंतर्गत कागदपत्रे बाहेर आणली, तेव्हा कंपनीने सांगितले होते की भारताच्या २२ मान्यताप्राप्त भाषांपैकी ५ भाषांसाठी तिची यंत्रणा शिकवून तयार केली आहे. चुकीची माहिती ओळखण्यासाठी राखलेल्या तरतुदीचा ८७ टक्के भाग एकट्या अमेरिकेसाठी आणि उरलेला बाकी सगळ्या जगासाठी, असा आकडाही त्या कागदपत्रांत होता. तो अपुऱ्या माहितीवरचा आहे असे कंपनीचे म्हणणे पडले. म्यानमारमध्ये तर २०१५ च्या सुरुवातीला बर्मी जाणणारे तपासनीस अवघे दोन होते, असे रॉयटर्सने २०१८ मध्ये दाखवून दिले. रोहिंग्यांविरुद्धच्या द्वेषप्रचारात या माध्यमाचा वाटा होता असे संयुक्त राष्ट्रांच्या चौकशी मंडळाने म्हटले, आणि आपण पुरेसे केले नाही हे कंपनीने त्याच वर्षी मान्य केले.

म्हणजे लहान भाषेवर दोन्हीकडून अन्याय होतो: निरपराध बोलणे कापले जाते आणि घातक बोलणे सुटते.

दुसरा आणि तिसरा प्रकार, म्हणजे न दाखवणे आणि चढवून दाखवणे, हा खरा गाभा आहे. तुमचे लिखाण कोणी काढत नाही; ते फक्त कोणापुढे जात नाही. कोणाचे किती दूर न्यायचे हे ठरवणारे सूत्र बाहेरच्याला पाहता येत नाही, आणि माणूस पडद्यापुढे किती वेळ खिळून राहतो यावर ते बेतलेले असते, कारण जाहिरातीचे उत्पन्न त्यावर आहे. संतापलेला माणूस अधिक वेळ खिळतो. त्यामुळे शांतपणे दोन्ही बाजू मांडणारा मागे पडतो आणि शिव्या घालणारा पुढे येतो. सीमाभागातल्या माणसाला हे समजावून सांगण्याची गरज नसावी. मराठी आणि कानडी शेजाऱ्यांचे वर्षभराचे सलोख्याचे व्यवहार कोणाच्या पडद्यावर येत नाहीत. बसला काळे फासल्याचे चित्र मात्र दहा मिनिटांत सर्वांच्या हातात असते. कोणी कोणाला गप्प केलेले नसते. फक्त कोण ओरडेल याची निवड झालेली असते.

याच सत्तेची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे, मुले पळवणारे आल्याच्या अफवेवरून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना जमावाने ठेचून मारले. त्या दिवसांत देशात अशा अनेक घटना घडल्या होत्या. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा जाहीर केली. मर्यादा योग्य होती, असे माझे मत आहे. पण एका भारतीय नागरिकाने एका दमात किती जणांना निरोप धाडावा हे ना संसदेने ठरवले, ना न्यायालयाने. ते कॅलिफोर्नियातल्या एका कचेरीत ठरले. चांगला राजा मिळाला म्हणून राजेशाही चांगली ठरत नाही.

राजा बदलला की काय होते तेही आपण पाहिले. ८ जानेवारी २०२१ रोजी ट्विटरने डोनाल्ड ट्रम्प यांचे खाते कायमचे बंद केले. तेव्हा ते अमेरिकेचे अध्यक्ष होते. जर्मनीच्या अँगेला मर्केल ट्रम्प यांच्या चाहत्या नव्हत्या. तरीही बोलण्याच्या मूलभूत हक्काला मर्यादा घालायची तर ती कायदा करणाऱ्यांनी घालावी, कंपनीच्या व्यवस्थापनाने नव्हे, असे त्यांनी कळवले. ऑक्टोबर २०२२ मध्ये इलॉन मस्क यांनी ४४ अब्ज डॉलरना ती कंपनी घेतली आणि महिन्याभरात ते ‘कायमचे’ बंद खाते उघडले. दोन्ही निर्णयांच्या बाजूने बोलणारे पुष्कळ मिळतील. मला त्यात एवढेच दिसते की घर विकले गेले आणि नियम बदलले.

दोन्ही डगरींवर हात

‘दुकानदाराची मर्जी’ हा युक्तिवाद आता तपासून पाहू. संपादक लेख नाकारतो, मग कंपनीने का नाकारू नये? उत्तर असे की, संपादक जे छापतो त्याची जबाबदारीही घेतो. अब्रुनुकसानीचा दावा झाला तर लेखकाच्या शेजारी त्याला उभे राहावे लागते. पोस्टमनचे उलटे: पत्रात काय आहे त्याची जबाबदारी त्याच्यावर नसते, कारण पत्र निवडण्याचा अधिकारही त्याला नसतो. आपल्या माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ७९ वे कलम या कंपन्यांना मध्यस्थ मानून, काही अटींवर, पोस्टमनचे संरक्षण देते. अमेरिकेत १९९६ पासून २३० वे कलम तेच करते. आणि तरी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये नेटचॉइस खटल्यात असे मत नोंदवले की, काय दाखवायचे आणि काय नाही ही या कंपन्यांची निवड म्हणजे त्यांचे स्वतःचे अभिव्यक्तिस्वातंत्र्य आहे. अधिकार संपादकाचे, जबाबदारी पोस्टमनची. याला आपल्याकडे दोन्ही डगरींवर हात ठेवणे म्हणतात.

अमेरिकेतच १९४६ मध्ये एक फार शहाणा निकाल लागला होता. अलाबामा राज्यातले चिकासॉ हे गाव एका जहाजबांधणी कंपनीच्या मालकीचे होते. रस्ते कंपनीचे, दुकाने कंपनीची, बंदोबस्तही कंपनीच्या पगारावरचा. तिथे धार्मिक पत्रके वाटणाऱ्या ग्रेस मार्श यांना खासगी जागेत अतिक्रमण केले म्हणून शिक्षा झाली. सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. मालक आपली जागा लोकांच्या वापरासाठी जितकी अधिक खुली करतो तितके त्याचे हक्क त्या लोकांच्या घटनादत्त हक्कांनी मर्यादित होतात, असे ते तत्त्व. किर्लोस्करवाडी, वालचंदनगर अशी कारखान्यांभोवती वसलेली गावे पाहिलेल्या आपल्या माणसाला ते पटायला जड जाऊ नये. परंतु २०२० मध्ये यूट्यूबविरुद्धच्या दाव्यात तिथल्या अपील न्यायालयाने हे तत्त्व या माध्यमांना लावण्यास नकार दिला.

आपल्याकडे हेगडे यांनी दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली तेव्हा कंपनीचे म्हणणे हेच होते की आम्ही राज्यसंस्था नव्हे, आमच्याविरुद्ध मूलभूत हक्काचा रिट अर्ज चालत नाही. ३ जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने कौशल किशोर खटल्यात बहुमताने सांगितले की १९ व्या आणि २१ व्या कलमांखालील हक्क राज्याखेरीज इतरांविरुद्धही बजावता येतात. एका न्यायमूर्तींनी या मुद्द्यावर वेगळे मत दिले. दरवाजा किलकिला झाला आहे एवढेच आज म्हणता येईल.

‘नको असेल तर दुसरीकडे जा’ हा सल्लाही ऐकायला सोपा आहे. बाजार जिथे भरतो तिथेच भाजी विकावी लागते. गावाबाहेर एकट्याने टोपली घेऊन बसण्याचे स्वातंत्र्य सर्वांना आहे.

हातात हात

मग या कंपन्यांना सरकारने वेसण घालावी, असे साहजिकच वाटते. आणि इथेच सर्वांत मोठा धोका आहे. कारण सरकारला वेसण घालण्यापेक्षा लगाम हातात घेणे अधिक सोयीचे असते.

आपल्या कायद्याच्या ६९-अ कलमाखाली केंद्र सरकार मजकूर रोखण्याचे आदेश कंपन्यांना देते. श्रेया सिंघल निकालात हे कलम टिकले, ते त्यात कारणे नोंदवणे, समिती, सुनावणी अशी कुंपणे आहेत म्हणून. पण त्याच २००९ च्या नियमांतला सोळावा नियम सांगतो की या तक्रारी आणि त्यांवरची कारवाई पूर्ण गुप्त ठेवायची. आता हे चित्र पाहा. आदेश सरकारचा, कात्री कंपनीची. सरकार म्हणते आदेश गुप्त आहे, कंपनी म्हणते कायद्याने बांधलेली आहे. ज्याचे लिखाण गेले त्याला ना सहीचा कागद मिळतो, ना दाद मागण्यासाठी नाव. सरकारी सेन्सॉरची ताकद आणि खासगी सेन्सॉरचे अदृश्यपण यांचा हा संगम आहे. जुन्या सेन्सॉरचे जे एकमेव बरे होते, ते दिसणे, तेच यात गळून पडले.

या प्रश्नावरची दोन महत्त्वाची भांडणे आपल्या राज्याच्या उच्च न्यायालयात झाली, हे इथल्या वाचकांनी ध्यानात घ्यावे. ३० जून २०२३ रोजी कर्नाटक उच्च न्यायालयाने रोखण्याच्या आदेशांविरुद्धचा ट्विटरचा अर्ज फेटाळला आणि कंपनीला ५० लाख रुपयांचा दंड केला. पुढे केंद्राने ‘सहयोग’ नावाची व्यवस्था उभी केली. तिच्यामार्फत ७९ व्या कलमाचा आधार घेऊन निरनिराळी सरकारी खाती थेट कंपन्यांना मजकूर काढण्याच्या सूचना देऊ लागली, म्हणजे ६९-अ ची कुंपणे बाजूलाच राहिली. त्याविरुद्ध एक्सने केलेला अर्जही याच न्यायालयाने २४ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळला. पुढच्याच महिन्यात केंद्राने नियम बदलून अशा सूचना वरिष्ठ अधिकाऱ्यानेच आणि कारणे देऊन द्याव्यात असे ठरवले. म्हणजे तोवर काय चालले होते याची एक प्रकारे कबुलीच झाली.

या खटल्यांतला विपर्यास असा की भारतीय नागरिकाच्या बोलण्याचा कैवार घेऊन एक परदेशी कंपनी न्यायालयात उभी राहते, आणि तीच कंपनी आपल्या घरच्या नियमांनी त्याच नागरिकाला उंबऱ्याबाहेर उभे करते. लेखक या भांडणात पक्षकारच नसतो. तो दोन मालकांच्या भांडणातला बैल असतो.

याउलट मुंबई उच्च न्यायालयात २०२४ मध्ये झाले ते आशादायक आहे. केंद्र सरकारविषयीच्या बातम्या खऱ्या की खोट्या हे सरकारच्याच कक्षाने ठरवावे, हा २०२३ चा नियम तिथे आव्हानित झाला. जानेवारीत दोन न्यायमूर्तींचे मत दुभंगले, आणि २० सप्टेंबरला तिसऱ्या न्यायमूर्तींच्या मतानंतर तो नियम घटनाबाह्य ठरला. तिथे अर्ज करणाऱ्यांत कुणाल कामरा हे विनोदी कलाकार होते. बोलणारा माणूस स्वतः उभा राहिला होता.

सहीची मागणी

या सगळ्यातून निघते ते असे. सरकारने बोलणे ठरवू नये आणि कंपनीनेही ठरवू नये, असे म्हणून भागत नाही; राईनपाड्यासारखी घटना घडली की कोणीतरी काहीतरी थांबवावेच लागते. तेव्हा मागणी करायची ती कात्री नाहीशी करण्याची नव्हे, तर कात्रीवरच्या सहीची. काढले तर काढले असे सांगा. कोणत्या नियमाखाली ते सांगा. सरकारच्या सांगण्यावरून काढले असेल तर तेही सांगा. यंत्राने काढले की माणसाने, आणि माणसाने असेल तर ती भाषा येणाऱ्या माणसाने का, हेही सांगा. हे अशक्यप्राय नाही. युरोपीय संघाच्या २०२४ पासून पूर्णपणे लागू झालेल्या डिजिटल सेवा कायद्याने कंपन्यांवर अशी कारणे देण्याची सक्ती केली आहे. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही १० जानेवारी २०२० रोजी अनुराधा भसीन खटल्यात इंटरनेट बंदीचे आदेश प्रसिद्ध केले पाहिजेत असे बजावले. जो न्याय पूर्ण बंदीला तोच एका लेखाच्या बंदीला का नसावा? २०२३ पासून केंद्राने नेमलेल्या तक्रार अपील समित्या आहेत खऱ्या, पण त्या सरकारनेच नेमलेल्या असल्यामुळे सरकारी आदेशाच्या बाबतीत त्यांच्याकडून फारशी अपेक्षा करता येत नाही.

आणि थोडे आपल्याविषयी. गेल्या काही वर्षांत आपल्या भागातल्या कितीतरी वाचनालयांनी, नाट्यमंडळांनी आणि ग्रामीण संमेलनांनी आपली हस्तलिखिते, अहवाल, स्मरणिका छापणे थांबवून सगळा संसार फेसबुकच्या पानावर हलवला. खर्च वाचला, तरुण मंडळी जोडली गेली, परगावी असलेल्या लेकी-सुनांना गावचे काव्यवाचन घरबसल्या ऐकता आले. ज्यांच्या कविता एकेकाळी ‘साभार परत’ आल्या असत्या अशा कितीजणींना त्या पानाने प्रथमच वाचक दिला. हे ऋण मान्य केले पाहिजे. पण ते पान आपले नाही. भाड्याच्या घरात देव्हारा मांडायला हरकत नसते, घराची कागदपत्रे मात्र तिथे ठेवू नयेत. संमेलनाची स्मरणिका निदान शंभर प्रती छापावी, ती गावच्या आणि जिल्ह्याच्या वाचनालयात ठेवावी, मंडळाचा स्वतःचा संग्रह स्वतःच्या ताब्यात राहावा. अल्पसंख्य भाषेला एवढी खबरदारी घ्यावीच लागते, मग ती बेळगावातली मराठी असो की सोलापुरातली कानडी.

दिवाळी अंकाची पाने मोजकी असतात. त्यांत कोणाचे आले आणि कोणाचे नाही यावरून दर वर्षी रुसवेफुगवे होतात, संपादकांना दोन शब्द ऐकून घ्यावे लागतात, पुढच्या वर्षी चूक सुधारली जाते किंवा जात नाही. तो त्रास आहे, पण त्या त्रासात माणसे एकमेकांना ओळखतात. बोलणे अडवणारा कोण हे माहीत असले म्हणजे भांडणाला तोंड फुटते. आपल्याला आज हवे आहे ते त्या भांडणाचे ठिकाण: एक नाव, एक पत्ता, आणि गेलेल्या मजकुराच्या जागी निदान एक कोरी ओळ.